नापास नाण्यांची खाण

अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानांच्या दाराशी एक कपाटाएवढं यंत्र उभं असतं. घरातल्या बरण्यांत साठलेली चिल्लर त्याच्या ताटात ओतायची, यंत्र खडखडाट करत ती मोजतं, दहा टक्क्यांहून जास्त दलाली कापून घेतं आणि उरलेल्या रकमेची पावती देतं. ‘कॉइनस्टार’ हे त्यातलं सगळ्यांत माहितीचं नाव. यंत्राला एखादं नाणं पटलं नाही, तर ते खालच्या खोबणीत परत टाकतं. ओतणारा गृहस्थ घाईत असतो. तो पावती घेऊन निघून जातो आणि खोबण तशीच भरलेली राहते. त्या खोबणीत बटणं निघतात, वॉशर निघतात, कॅनडाचे सेंट निघतात आणि मधूनच १९६४ किंवा त्याआधीचं दहा सेंटचं नाणं निघतं, ज्यात ९० टक्के चांदी असते. १९६५ पासून तिथल्या सरकारनं या नाण्यांतून चांदी काढून तांबं आणि निकेल घातलं. यंत्राला ओळख आहे ती याच मिश्रणाची. खरीखुरी चांदी समोर आली की त्याला वाटतं, हा कोण उपरा? आणि ते तिला वॉशरच्या शेजारी बसवतं. येता-जाता या खोबण्यांत बोटं घालून बघणाऱ्यांचा एक पंथच तिकडे आहे, आणि त्या पंथाला अधूनमधून प्रसादही मिळतो.

आपल्याकडे असं यंत्र कुठे आहे, हा प्रश्न साहजिक आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या पहाडाखाली, तर ते नाहीच. पण यंत्र नाही म्हणजे खोबणही नाही, असं मात्र समजू नये. नाणी पारखून नापास करण्याचं काम आपल्याकडे माणसं करतात आणि ते कुठल्याही यंत्रापेक्षा कडकपणे करतात. किराणा दुकानदार, एसटीचा कंडक्टर, आठवडी बाजारातला व्यापारी, बँकेचा रोखपाल असा हा परीक्षकांचा क्रम आहे, आणि सगळ्यांत शेवटी देव, जो बिचारा कोणालाच नापास करत नाही. प्रत्येकाची नापास करण्याची रीत वेगळी, म्हणून प्रत्येकाच्या खोबणीत साठणारा मालही वेगळा. जुन्या नाण्यांच्या नादी लागलेल्यानं आधी ही रीत समजून घ्यावी, नाहीतर जन्मभर वॉशरच गोळा होतील. माझं म्हणणं इतकंच आहे की नाकारलं गेलेलं नाणं आणि दुर्मिळ नाणं या दोन भिन्न जाती आहेत. अमेरिकेत यंत्राच्या अडाणीपणामुळे त्यांची गाठ पडते. आपल्याकडे ती फार क्वचित पडते, आणि पडते तेव्हा भलत्याच ठिकाणी.

सुरुवात दुकानदारापासून करू, कारण तो सर्वांत कडक परीक्षक. विदर्भात दहा रुपयांचं नाणं घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला जे ऐकावं लागतं, ते आता विदर्भाबाहेरही प्रसिद्ध आहे. ‘हे चालत नाही.’ का चालत नाही, याचं शास्त्र फार खोल आहे. ज्यावर दहा रेघा आहेत ते खरं आणि पंधरा रेघा आहेत ते खोटं. किंवा ज्यावर रुपयाचं नवं चिन्ह आहे ते खरं आणि ज्यावर नाही ते खोटं. काही ठिकाणी तर दोन्ही खोटी, म्हणजे वादच मिटला. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं की दहाच्या नाण्याचे तोवर चौदा प्रकार निघाले आहेत आणि चौदाही खरे आहेत. ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी १४४४० हा फोन नंबरही दिला. पण चौदा प्रकार आहेत हे कळल्यावर दुकानदाराची शंका कमी कशी होईल? नोटेचे दोन प्रकार दिसले तरी तो ती उन्हात धरून बघतो. चौदा प्रकारचं एक नाणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं चौदा वेळा फसण्याची सोय.

यावर कायद्याचा आधार घेणारे म्हणतात की दुकानदार अडाणी आहे आणि गुन्हेगारही. २०११ चा नाणे कायदा स्पष्ट आहे: एक रुपया किंवा त्याहून मोठी नाणी एक हजार रुपयांपर्यंत वैध आहेत. अर्ध्या रुपयाचं, म्हणजे आठ आण्यांचं नाणंही दहा रुपयांपर्यंत वैध आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात बहुधा कायदा लिहिणाऱ्यांनाच ठाऊक असावी. पण दुकानदाराची बाजूही ऐकावी लागते. एटापल्लीच्या दुकानदाराचा माल आलापल्लीहून किंवा चंद्रपूरहून येतो. तिथला ठोक व्यापारी नाणी घेत नाही, कारण त्याची बँक पिशवी बघून तोंड वाकडं करते. बँकेचंही कारण आहे: नाणी मोजायला माणूस लागतो, ठेवायला जागा लागते आणि वजनाला ती जड असतात. आजच्या एक रुपयाच्या हजार नाण्यांचं वजन तीन किलोच्या वर जातं, म्हणजे कायद्यानं दिलेली हजार रुपयांची मुभा पुरेपूर वापरायची तर हमाल करावा लागेल. रिझर्व्ह बँक नाणी वाटणाऱ्या बँकांना दर पिशवीमागे पैसे देते. २०२१ साली ही रक्कम पंचवीस रुपयांवरून पासष्टवर नेली. रुपया लोकांत फिरावा म्हणून रुपये मोजावे लागतात, तिथे एकट्या दुकानदाराला मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. नाणं पुढचा माणूस घेईल की नाही, एवढंच तो बघतो आणि त्याच्या जागी रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर उभा केला तरी तोही तेच बघेल. मात्र त्याच्या नकारातून दुर्मिळ काही निघत नाही. त्यानं नाकारलेली दहाची नाणी कोट्यवधींच्या संख्येनं पाडलेली असतात. ही खोबण वॉशरची, हे लक्षात ठेवून पुढे जावं.

मग खरंखुरं यंत्रच आणून बसवावं, असं कोणी म्हणेल. बसवून बघू. यंत्र नाणं ओळखतं ते व्यास, जाडी, वजन आणि धातू यांवरून. त्यावर काय लिहिलंय, हे त्याला वाचता येत नाही. आता आपल्याकडचं एक रुपयाचं नाणं घ्या, १९९२ पासून २००४ पर्यंत निघालेलं, स्टेनलेस स्टीलचं. व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम. त्याच्या शेजारी २०११ पासून निघालेलं दोन रुपयांचं नाणं ठेवा. व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम, धातू तोच. सरकारनं जुन्या रुपयाच्या मापात नवे दोन रुपये पाडले. नुसत्या मापानं पारखणाऱ्या यंत्रात जुना रुपया टाकला तर तो दोन रुपये म्हणून पास होईल, आणि दोन रुपये रुपया म्हणूनही पास होऊ शकतील. म्हणजे अमेरिकेतलं यंत्र चांदीला नापास करतं आणि आपल्याकडचं यंत्र रुपयाला बढती देईल. जिथे रुपयाला आपोआप बढती मिळते, तिथे खोबणीत हात घालून बघणाऱ्याला काय मिळणार? अर्थात बाजारात भाजी विकणारी बाई असा घोटाळा सहसा करत नाही. तिचा अंगठा नाण्याच्या कडेवरून फिरतो, डोळे गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे असतात आणि आकडा बरोबर येतो. नेत्रहीनांचे मात्र या सारख्या मापांमुळे फार हाल झाले. म्हणूनच मार्च २०१९ मध्ये एक ते वीस रुपयांची नवी मालिका आणताना ती हातानं ओळखता यावी असा विचार केला गेला आणि वीसच्या नाण्याला बारा कोन मिळाले.

यंत्राला न दिसणारी आणखी एक गोष्ट नाण्यावर असते, आणि संग्राहकाचा सगळा जीव तिच्यात अडकलेला असतो. रुपयाच्या वर्षाच्या आकड्याखाली बघा. पत्त्यांतल्या चौकटीसारखा छोटा ठिपका असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, तारा असेल तर हैदराबादचं, नुसता गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. कोलकात्याला आपली ओळख सांगण्याची गरज वाटत नाही, ही त्या शहराची जुनी सवय. १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशात चिल्लरीची इतकी टंचाई झाली की सरकारनं परदेशातल्या टांकसाळींतून नाणी पाडून आणली. मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, स्लोव्हाकिया अशा ठिकाणांहून. त्या काळातल्या एखाद्या रुपयावर वर्षाखाली बारीक इंग्रजी एम आणि त्याच्यावर चिमुकलं वर्तुळ दिसलं, तर तो रुपया मेक्सिकोत जन्मला. समुद्र ओलांडून आला, नागपूरहून चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली असा फिरत एटापल्लीच्या बाजारात पोहोचला, मिरची आणि सुक्या मासळीच्या बदल्यात या हातातून त्या हातात गेला, आणि कोणीही त्याला पासपोर्ट विचारला नाही. दहाच्या अस्सल देशी नाण्याच्या मात्र इथेच रेघा मोजतात.

सूरजागडचा विषय काढलाच आहे, तर रुपयाच्या धातूबद्दल बोलणं टाळता येणार नाही. आजचं स्टेनलेस स्टीलचं नाणं म्हणजे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. सूरजागडचा पहाड लोहखनिजाचा. २००७ साली लॉइड्स मेटल्स कंपनीला तिथे खाणपट्टा मिळाला. विरोध, माओवाद्यांनी केलेली वाहनांची जाळपोळ, बंद पडलेलं काम अशी बरीच वर्षं गेली, आणि २०२१ पासून खोदकामानं जोर धरला. तेव्हापासून एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्यानं त्या रस्त्याला झेपणार नाहीत इतके ट्रक लोहखनिज घेऊन जातात. हाच पहाड इलाख्यातल्या माडिया-गोंड गावांच्या ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, गावोगावचे लोक पहाड चढतात, नैवेद्य आणि दक्षिणा ठेवतात. म्हणजे लोखंडाच्या पहाडावरच्या देवाला लोखंडाचा रुपया वाहिला जातो. हिशेबानं बघितलं तर देवाला त्याचीच वस्तू परत मिळते आणि वर क्रोमियम तेवढं व्याज. नाण्यांचं पोलाद पुरवणाऱ्यांत तमिळनाडूतला सेलमचा सरकारी कारखाना आहे, तेव्हा सूरजागडचं खनिज रुपया होऊन सूरजागडला परत येतं, असं काव्य करण्याचा मोह आवरायला हवा. खनिज ट्रकनं जातं ते जातं. परत काय येतं, या प्रश्नावर यात्रेत जमणाऱ्या ग्रामसभांचे ठराव पुष्कळ आहेत, ते या विनोदी लेखापेक्षा वाचनीय आहेत.

लोखंड चुंबकाला चिकटतं, हा गुणधर्म गरीब संग्राहकाला मात्र वरदान आहे. पंचवीस-तीस रुपयांच्या लोहचुंबकात त्याला घरच्या घरी नाणी पारखण्याचं यंत्र मिळतं. चिल्लरीचा ढीग करायचा आणि चुंबक फिरवायचा. १९९२ पासूनचे पोलादी रुपये धावत येऊन चिकटतात. १९९१ पर्यंतचे तांबं-निकेलचे रुपये मागे राहतात. मागे राहिलेला ढीग आपला. यावर जाणकार आक्षेप घेतील की शुद्ध निकेलही चुंबकाला चिकटतं, आणि १९६० च्या दशकातला दहा ग्रॅमचा जाडजूड निकेलचा रुपया, जो खरोखर हाताला जाणवतो, तो या परीक्षेत पोलादी रुपयांबरोबरच वाहून जाईल. आक्षेप रास्त आहे. उत्तर असं की तो नाण्यांच्या ढिगात इतका मोठा दिसतो की चुंबकाआधी मुलंच तो पळवतात. शिवाय चुंबकाची परीक्षा अगदी अमेरिकन यंत्रासारखीच आहे: तिथे यंत्राला न पटलेलं नाणं उचलायचं, इथे चुंबकाला न पटलेलं.

आता परीक्षकांतला शेवटचा. देवापुढची ताटली किंवा दानपेटी ही महाराष्ट्रातली सर्वांत मोठी खोबण आहे, कारण दुकानदारानं नाकारलेलं, कंडक्टरनं परत केलेलं, भिकाऱ्यानंही निरखून बघितलेलं नाणं शेवटी तिथेच पडतं. ३० जून २०११ ला चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. दानपेटीला मात्र त्या आदेशाची प्रत बहुधा मिळाली नसावी, कारण ती नाणी नंतरही तिथे पडतच राहिली. शिर्डीच्या साईबाबा संस्थानात मोजणीला नाण्यांचा इतका ढीग निघतो की २०२३ साली तिथल्या बँकांनी ठेवायला जागा नाही म्हणून हात वर केले. रुपया देवाला चालतो, बँकेला चालत नाही, हा नाणेशास्त्रातला अलीकडचा महत्त्वाचा शोध आहे. या ढिगात दुर्मिळ नाणं असण्याची शक्यता दुकानदाराच्या गल्ल्यापेक्षा नक्कीच जास्त. आजीच्या पेटीत निघालेला, किंमत न कळलेला, टाकवतही नाही आणि चालतही नाही असा रुपया लोक देवाला वाहतात. पूर्वीचे राजेरजवाडे तर आपलीच नाणी वाहत. तुळजापूरच्या भवानीमातेच्या खजिन्यात निरनिराळ्या संस्थानांची अशी पुरातन नाणी होती. त्यातली ७१ नाणी गहाळ झाल्याचं उघड झालं आणि २०२० साली गुन्हा दाखल झाला. म्हणजे देवाच्या खोबणीत खरोखर मौल्यवान नाणी होती, एवढं सिद्ध झालं. आणि ती शोधायला संग्राहकांच्या आधी कोणीतरी पोहोचलं होतं, हेही.

इथे एक नैतिक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. अमेरिकन खोबणीतलं नाणं उचलणारा म्हणतो की मालक सोडून गेला. दानपेटीतलं नाणं उचलणाऱ्याला असं म्हणता येत नाही, कारण तिथला मालक कुठेही जात नाही. खोबणीत बोटं घालण्याचा छंद दानपेटीजवळ आला की तो छंद राहत नाही, कलम लागतं. दानपेटीतल्या दुर्मिळ नाण्यांसाठी योग्य मार्ग एकच: मोजणीच्या वेळी जाणकार माणूस बसवावा, जुनी नाणी बाजूला काढून त्यांची नोंद करावी, वजन आणि छायाचित्रासह. मोठी देवस्थानं सोनं आणि दागिने अशी नोंदवतात. चिल्लरीचं मात्र वजन करून पोतं बांधतात. या पोत्यांत इतिहास जातो, असं म्हटलं तर विश्वस्त हसतील. पण विदर्भाचा निम्मा इतिहास चिल्लरीतूनच बाहेर आला आहे.

त्याचा पुरावा फार लांब नाही. आजच्या वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. १९३९ साली तिथे मातीच्या भांड्यात सुमारे सोळाशे नाणी सापडली. सोनं नाही, चांदी नाही. पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला उज्जैनचं म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह, आकाराला बोटाच्या पेरात मावतील इतकी. सातवाहनांच्या बाजारातली रोजची चिल्लर. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली आणि त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं निघाली, जी पुराणांच्या वंशावळीत नाहीत. तीन राजे, आणि त्यांच्या राज्याचा मागे राहिलेला पुरावा म्हणजे ज्यावर त्या वेळी भाजीही धड मिळाली नसती अशी नाणी. चांदा जिल्ह्यातही, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात, सातवाहनांची अशीच पोटीन नाणी एकोणिसाव्या शतकात सापडली होती. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली, तेव्हा ती नाणी कोणत्या जिल्ह्याच्या वाट्याला द्यायची, यावर अजून मोर्चा निघालेला नाही, हे आश्चर्य. सुवर्णमुद्रा जपून ठेवल्या जातात, वितळवल्या जातात, चोरल्या जातात. चिल्लर कोणी नेत नाही म्हणून उरते. तऱ्हाळ्याचं भांडं पुरून ठेवणाऱ्यालाही ती परत न्यायला यावंसं वाटलं नाही, किंवा येता आलं नाही.

असं भांडं आपल्या शेतात सापडलं तर काय करायचं, हे सांगणारा कायदा १८७८ चा आहे आणि तो आजही लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं. १८७८ चे दहा रुपये म्हणजे चांदीचे दहा रुपये, रुपयाला एक तोळा, म्हणजे दहा तोळ्यांचं वजन. आजचे दहा रुपये म्हणजे दुकानदार घेत नाही ते एक नाणं. तेव्हा नांगरताना दहाचं एकच नाणं निघालं तर कायद्यानं कळवण्याची सक्ती नाही. दोन निघाली तर अर्ज लिहायला घ्यावा. जिल्हाधिकारी कार्यालयात तो अर्ज स्वीकारताना लागणाऱ्या कोर्ट फी स्टॅम्पची किंमत काढली, तर हा व्यवहार कुणालाच परवडणारा नाही.

चांदीच्या रुपयाचा आणखी एक ठावठिकाणा याच मुलखात आहे, आणि तो शहरी संग्राहकाला भारी खुपतो. माडिया आणि गोंड बायकांच्या गळ्यातल्या जुन्या माळांत राणीछाप, राजाछाप रुपये असत. कडी डाकलेले, ओवलेले, घामानं आणि हळदीनं गुळगुळीत झालेले. संग्राहक कपाळावर हात मारतो: कडी डाकली की नाण्याची किंमत निम्म्याहून खाली येते. खरं आहे, पण किंमत कुणाच्या बाजारातली? ज्या बाजारात एकेकाळी मिठाच्या मापाला चारोळीचं माप द्यावं लागे, तिथे बाईच्या गळ्यातला रुपया हा तिचा स्वतःचा साठा होता. सावकाराच्या वहीत त्याची नोंद नव्हती. आणि सोनार कडीची तक्रार करत नसे, तो नाणं वाजवून बघे. १९३९ पर्यंतच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी होती. १९४० पासून ती निम्म्यावर आणली. हा फरक तोंडावरून कळत नाही, आवाजावरून कळतो. नाण्यांच्या संग्रहातला १९३९ चा रुपया आज दुर्मिळ समजला जातो, आणि तो कुठल्या खोबणीत सापडणार नाही. सापडलाच तर कुणाच्या तरी आजीच्या गळ्यात सापडेल, कडीसकट. अशी माळ नाण्यांसाठी सुटी करून विकत घ्यायला निघालेल्या माणसानं तो संग्राहक आहे की आणखी काही, हे एकदा स्वतःला विचारून बघावं.

या सगळ्यावर सर्वांत लोकप्रिय आक्षेप मोबाइलवर येतो. ‘वैष्णोदेवीचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील.’ २०१२ साली वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली, ती चलनात भरपूर फिरली आणि अजूनही गल्ल्यांत सापडतात. लाख रुपये देणारा मात्र आधी नोंदणी फी, मग कर, मग कुरिअर असे पैसे मागत जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांत बँकेच्या नावानं पैसे मागणारे भामटे आहेत आणि बँक अशी कुठलीही फी घेत नाही. या धंद्यात दुर्मिळ वस्तू एकच असते: पैसे परत मिळालेला माणूस. नाण्याची किंमत ठरते ती त्या वर्षाची, त्या टांकसाळीची किती नाणी शाबूत उरली यावर. चेहरा सुंदर आहे की देवीचा, यावर ती ठरत नाही.

आणि शेवटी म्हणे यूपीआय आलं, आता नाणीच संपतील. जिथे रेंज आहे तिथे संपतील. रिझर्व्ह बँकेनं २०२३ साली क्यूआर कोड स्कॅन केला की नाणी देणारी यंत्रं १२ शहरांत १९ ठिकाणी बसवण्याचा प्रयोग जाहीर केला. रेल्वे स्थानकं, मॉल अशा जागा त्यासाठी सुचवल्या. गडचिरोली जिल्ह्याच्या एका टोकाला वडसा स्टेशन आहे, आणि सूरजागड दुसऱ्या टोकाला. मॉलचं तर विचारूच नका. नाणी तिथे हातानंच फिरणार, हातानंच नाकारली जाणार. तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं: एटापल्लीच्या बाजारात कोणी दहाचं नाणं सुट्टे म्हणून देऊ लागलं तर ते घ्या, चौदाही प्रकार खरे आहेत. रुपयाच्या वर्षाखालची खूण एकदा बघा. काही वेगळं दिसलंच, तर मोबाइलवरच्या माणसाला विचारू नका; नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, नागपूरला अजब बंगला म्हणून ओळखलं जाणारं वस्तुसंग्रहालय आहे. आणि मोजणीला बसणाऱ्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी पोतं बांधण्याआधी त्यातली जुनी नाणी वेगळी काढून वहीत लिहावीत, तुळजापूरच्या आकड्याला आणखी एखादा आकडा जोडला जाण्याच्या आत.